जुन्या कॅम्पर गाडीतील पाणी : दुरुस्ती की नवी बांधणी?

१९७९ साली जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीने आपल्या व्हॅनची तिसरी पिढी बाजारात आणली आणि वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात ओटा, सिंक, फ्रिज, वर उघडणारे छप्पर व झोपण्याची जागा बसवून तिला फिरत्या घराचे रूप दिले. युरोपात ‘जोकर’ आणि अमेरिकेत ‘व्हॅनागन वेस्टफालिया’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या गाड्यांपैकी आज वापरात असलेल्या बहुतेक गाड्यांनी तीन दशके ओलांडली आहेत. त्यांची इंजिने, पत्र्याचा गंज आणि छपराचे कापड यांविषयी मालकवर्गात सतत खल चालतो; त्या मानाने पिण्याच्या पाण्याची व्यवस्था उपेक्षित राहते, कारण तिच्यावाचून गाडीचे काही अडत नाही. वस्तुतः गाडीतील इतर बिघाड फार तर प्रवास थांबवतात, पण ही व्यवस्था बिघडली तर माणूस आजारी पडतो. त्यामुळे तिच्या दुरुस्तीचा विचार इंजिनाच्या दुरुस्तीइतक्याच गांभीर्याने व्हायला हवा.

या गाड्यांतील मूळ रचना अतिशय साधी आहे. ओट्यालगतच्या कपाटात पॉलिइथिलीन या जाड व किंचित लवचीक प्लॅस्टिकची सुमारे ५० लिटरची टाकी असते आणि तिच्या आत, पाण्यातच बुडालेला, १२ व्होल्टवर चालणारा छोटा पंप असतो. पंपापासून एक मऊ नळी सिंकवरील नळापर्यंत जाते. नळ फिरवला की त्याच्या बुडाशी असलेले बोटाच्या पेराएवढे बटण, ज्याला मायक्रोस्विच म्हणतात, दाबले जाते, विद्युतमंडल पूर्ण होते आणि पंप सुरू होतो; नळ बंद केला की पंप थांबतो आणि नळीतला दाब नाहीसा होतो. नळ बंद असताना नळीत दाब नसणे हा या रचनेचा गाभा असून पुढील वादाचा बराचसा भाग त्याच्याभोवती फिरतो.

अशा गाडीच्या नळाला पाणी येईनासे झाले, किंवा आलेल्या पाण्याला वास येऊ लागला, की जाणकारांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो की सगळी व्यवस्था उपटून काढावी आणि आजच्या साहित्याने नवी बांधावी. दुसऱ्या तटाच्या मते दोष शोधून तेवढाच दुरुस्त करावा आणि उरलेल्याला हात लावू नये. पहिल्या पक्षाला येथे नवरचनावादी आणि दुसऱ्याला जतनवादी म्हटले आहे.

नवरचनावादी : ३५ वर्षांच्या प्लॅस्टिकवर विसंबून राहा असे आपण सांगता, तेव्हा एका गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होते. आज नळीचा एक सांधा गळतो म्हणून तो बदलला, तर पुढच्या महिन्यात दुसरा गळतो, त्यानंतर पंप बसतो आणि मग नळाच्या मुळाशी ओल दिसते. प्रत्येक वेळी कपाट रिकामे करा, टाकी उपसा, फळ्या सोडवा, यात जे श्रम जातात त्यांच्या निम्म्या श्रमांत सगळी व्यवस्था एकदाच नव्याने उभी राहते. नव्या नळ्या हाताने दाबून जोडता येतात, सुटे भाग कोणत्याही कॅराव्हॅन दुकानात मिळतात आणि पुढची कित्येक वर्षे पाहावे लागत नाही.

जतनवादी : आपल्या म्हणण्यात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की व्यवस्थेचे सगळे भाग एकाच वेगाने म्हातारे होतात. प्रत्यक्षात तसे घडत नाही. टाकी कपाटाच्या अंधारात असते आणि पॉलिइथिलीनला ठिसूळ करणारी सूर्याची अतिनील किरणे तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून ती आणखी कित्येक वर्षे टिकू शकते. नळी मऊ असल्यामुळे आधी कडक होते आणि मग चिरते. रबरी वॉशर त्याहून लवकर चपटे होतात. पंप तर झिजण्यासाठीच असतो. ज्या भागाचे वय झाले तो बदलण्याला विरोध नाही. ज्याचे झाले नाही तो फेकून देण्याला विरोध आहे. शिवाय दोष कुठे आहे हे न पाहताच सर्व बदलले, तर जुना दोष नव्या व्यवस्थेतही शिल्लक राहण्याची शक्यता असते.

नवरचनावादी : सर्व भाग नवे बसवल्यावर जुना दोष उरेल कसा?

जतनवादी : वायरींमध्ये उरेल. नळ फिरवला आणि पंप गप्प राहिला, की बहुतेक मालक पंप मेला असे समजून नवा आणतात. तो काही दिवस चालतो आणि पुन्हा मंदावतो, कारण दोष पंपाचा नसून त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या विजेचा असतो. म्हणून आधी फ्यूज पाहावा, नंतर नळ उघडा ठेवून, म्हणजे पंपावर भार असताना, थेट पंपाच्या टोकांवर मल्टिमीटर लावावा. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट आणि पंपापाशी नऊ दिसले, तर उरलेले साडेतीन व्होल्ट वाटेतील गंजलेल्या जोडांनी आणि स्विचच्या काळवंडलेल्या स्पर्शबिंदूंनी गिळलेले असतात. नळ बंद असताना केलेले मोजमाप येथे निरुपयोगी ठरते, कारण प्रवाह वाहत नसेल तर गंजलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो.

या मुद्द्याला गणिताचा आधार आहे. १.५ चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या वायरीने बॅटरीपासून पंप ५ मीटरवर असेल, तर जाण्यायेण्याचे मिळून १० मीटर अंतर होते आणि त्या वायरीचा रोध साधारण ०.१२ ओहम भरतो. पंप ४ अँपिअर प्रवाह घेत असेल तर केवळ वायरीतच जवळपास अर्धा व्होल्ट खर्च होतो. घरातील २३० व्होल्टच्या जोडणीत अर्ध्या व्होल्टची कोणी दखल घेणार नाही, पण १२ व्होल्टमध्ये तो चार टक्के असतो, आणि गंजलेल्या जोडांची भर पडली की पंप फिरतो खरा, पण पाणी वर चढवण्याइतका जोर त्याच्यात राहत नाही. जुन्या गाड्यांतील ‘अशक्त’ पंपांपैकी अनेक पंप निरोगी असतात, त्यांची उपासमार तेवढी चाललेली असते.

नवरचनावादी : हे मान्य केले तरी त्यातून नव्या रचनेचीच बाजू बळकट होते. मूळ रचनेत पंपाचा सगळा प्रवाह नळाखालच्या त्या इवल्या बटणातून जातो आणि दरवेळी नळ उघडताना ठिणगी पडून त्याचे स्पर्शबिंदू जळतात. बटण बदलले तरी नवे बटण त्याच वाटेने जाणार. हा रचनेतीलच दोष आहे, आणि रचनेतील दोष दुरुस्तीने जात नाही.

जतनवादी : तो रिलेने जातो. रिले म्हणजे थोड्या प्रवाहाने चालणारा आणि मोठा प्रवाह जोडणारा स्विच. नळाखालच्या बटणाने फक्त रिले चालू करावा आणि पंपाचा प्रवाह रिलेतून, जाड वायरीने न्यावा. मूळ नळ, मूळ बटण आणि मूळ पद्धत कायम राहते, भर पडते ती एका छोट्या डबीची.

येथे दोन्ही पक्ष प्रत्यक्षात एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जुन्या रचनेतील कमकुवत दुव्यावरचा भार कमी करणे हे दुरुस्ती आणि सुधारणा यांच्या सीमेवरचे काम आहे, आणि या विषयातील बरीचशी चांगली कामे त्या सीमेवरच होतात. खरा मतभेद पुढच्या प्रश्नावर, म्हणजे पंपाच्या जातीवर, आहे.

नवरचनावादी : बुडता पंप मुळात काढूनच टाकावा. टाकी रिकामी असताना नळ उघडा राहिला की तो कोरडा फिरून जळतो, आत हवेचा बुडबुडा अडकला की पाणी उचलत नाही, आणि त्याला उघडून दुरुस्त करण्याची सोय बहुधा नसते. त्याऐवजी टाकीबाहेर डायाफ्राम पंप बसवावा. त्यात रबरी पडदा मागेपुढे हलून पाणी ओढतो व ढकलतो. थोडा वेळ कोरडा चालला तरी त्याला इजा होत नाही, आणि त्यात दाबाचा स्विच असल्यामुळे नळात बटणाची गरजच उरत नाही. नळीत ठराविक दाब भरला की पंप आपोआप थांबतो आणि नळ उघडून दाब उतरला की आपोआप सुरू होतो. घरच्यासारखी जोरदार धार मिळते, ती वेगळीच.

जतनवादी : आपण केलेले वर्णन अचूक आहे आणि माझ्या पक्षाची हरकतही त्याच वर्णनात आहे. बुडता पंप साधारण अर्धा ते एक बार दाब देतो; एक बार म्हणजे सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. डायाफ्राम पंप मात्र प्रकारानुसार १.४ ते २.८ बारपर्यंत दाब चढवून थांबतो, आणि थांबल्यावरही तो दाब नळीत कोंडलेला राहतो. मूळ नळ, मूळ नळी आणि तिचे सांधे रात्रंदिवस दाब सोसण्यासाठी बनवलेलेच नव्हते. जुन्या रचनेत एखादा सांधा सैल झाला तर नळ चालू असेपर्यंत चार थेंब गळतात आणि नळ बंद झाला की गळती थांबते. आपल्या रचनेत तोच सांधा रात्री सुटला तर पंप दाब उतरल्याचे ओळखून आपले कर्तव्य बजावत राहील आणि ५० लिटर पाणी कपाटात ओतून मोकळा होईल. या गाड्यांचे लाकडी फर्निचर एकदा पाणी पिऊन फुगले की पुन्हा पूर्ववत होत नाही, आणि त्याच्या जोडीचे मिळवणे पंप मिळवण्याहून फार कठीण असते.

नवरचनावादी : म्हणूनच तर सर्व बदलावे असा आग्रह आहे. पंप एकटा बदलणाऱ्याची कड येथे घेतलेली नाही. दाब सोसणारी अर्धकठीण नळी, तिचे योग्य सांधे, दाबाचा नळ आणि गाडीतून उतरताना पंप बंद करण्यासाठी मुख्य स्विच, एवढे एकत्र केले तर भीतीचे कारण उरत नाही.

या वादात निवाडा करायचा झाल्यास तो जतनवादी पक्षाच्या बाजूने जाईल, पण पूर्णांशाने नाही. एक नळ आणि एक छोटे सिंक असलेल्या गाडीला दाबाच्या व्यवस्थेची खरी गरज नसते. बुडत्या पंपाची किंमत कमी, बदलणे काही मिनिटांचे, आणि त्याचे अपयश निरुपद्रवी असते. ज्यांना गाडीत शॉवर किंवा पाणी तापवणारा बॉयलर बसवायचा आहे, त्यांना दाबाच्या पंपाचा विचार करण्यास जागा आहे, परंतु त्यांनी नवरचनावाद्याची पूर्ण अट पाळली पाहिजे. नवा जोरदार पंप आणि जुनी मऊ नळी ही जोडी मात्र दोन्ही पक्षांना अमान्य आहे, आणि दुर्दैवाने अर्धवट सुधारलेल्या गाड्यांत हीच जोडी वारंवार आढळते.

आधीच्या मालकाने डायाफ्राम पंप बसवलेला असेल, तर त्याच्या तक्रारी वाचण्याची रीत वेगळी आहे. नळ बंद असताना मधूनच क्षणभर पंप धडधडला, तर दाब कुठून तरी निसटत आहे असे समजावे. बाहेर ओल दिसत नसेल तर पाणी पंपाच्याच झडपेतून मागे टाकीकडे जात असते. धार तुटक येऊन नळ फुरफुरत असेल, तर दोष टाकी आणि पंप यांच्यामधल्या भागात असतो. त्या भागातून पंप पाणी ओढत असल्यामुळे तेथे दाब वातावरणाहून कमी असतो, म्हणून सैल सांध्यातून पाणी बाहेर न येता हवा आत शिरते. असा सांधा बाहेरून कोरडा दिसतो आणि त्यामुळेच गळतीचा थेंब शोधणाऱ्याच्या नजरेतून सुटतो.

नवरचनावादी : पंपाचा वाद बाजूला ठेवू. पाण्याच्या शुद्धतेविषयी आपले म्हणणे काय? ज्या नळीच्या आत कधी कोणी पाहिले नाही, तिच्यातून आलेले पाणी आपण मुलांना प्यायला द्याल का?

जतनवादी : टाकी आणि नळी ब्लीचने धुऊन घेतल्यावर देण्यास हरकत नसावी.

नवरचनावादी : टाकीच्या बाबतीत हे उत्तर पुरेसे आहे, नळीच्या बाबतीत नाही. टाकीचे झाकण उघडून आत हात घालता येतो आणि मऊ ब्रशाने ती घासता येते. नळीच्या आतल्या भिंतीवर मात्र जीवाणू स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रवात वसाहत करून बुळबुळीत थर बनवतात. क्लोरीन त्या थराच्या वरच्या पदरातील जीवाणूंवर खर्च होते आणि आतले जीवाणू वाचून पुन्हा वाढतात. त्यात मूळ नळी पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक असेल तर प्रकाश मिळून शेवाळही धरते. घासता येत नाही आणि आत पाहता येत नाही, अशा वस्तूच्या स्वच्छतेची हमी ब्लीच देऊ शकत नाही.

जतनवादी पक्षाकडे या युक्तिवादाला उत्तर नाही, आणि ते नसल्याचे मान्य करण्यातच त्या पक्षाची प्रतिष्ठा आहे. दोन-तीन मीटर नळीसाठी येणारा खर्च किरकोळ असतो, तर तिच्यामुळे संभवणारा धोका किरकोळ नसतो. लिजिओनेला हा जीवाणू त्याचे टोकाचे उदाहरण होय. १९७६ साली फिलाडेल्फिया येथे ‘अमेरिकन लिजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनात पसरलेल्या न्यूमोनियाच्या साथीमुळे तो प्रथम ओळखला गेला. साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या साचलेल्या पाण्यात तो वाढतो आणि पाणी पिण्यापेक्षा त्याचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे फुप्फुसांत गेल्याने रोग होतो. उन्हाळ्यात आठवडाभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतील टाकी त्याला हवे ते तापमान पुरवते. म्हणून शॉवर असलेल्या गाडीत ही बाब सिंकवाल्या गाडीहून अधिक गंभीर ठरते. नवी नळी पिण्याच्या पाण्यासाठी मान्यता असलेली आणि अपारदर्शक असावी. बागेत पाणी घालण्याची नळी येथे चालत नाही, कारण तिच्या प्लॅस्टिकमधील द्रव्ये पाण्यात उतरून त्याला चव आणि वास देतात.

नळी बदलल्यावर टाकी निर्जंतुक करताना ब्लीचचे प्रमाण अंदाजाने घेऊ नये. दर लिटर पाण्यात ५० मिलिग्रॅम क्लोरीन हे धुण्यासाठी नेहमी वापरले जाणारे प्रमाण आहे. त्या हिशेबाने ५० लिटरच्या टाकीला अडीच ग्रॅम क्लोरीन लागते, म्हणजे ५ टक्के तीव्रतेचे, सुगंध किंवा साबण न मिसळलेले साधे ब्लीच ५० मिलिलिटर. ते आधी बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओतावे, टाकी काठोकाठ भरावी, नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत नळ सोडावा, चार तास तसेच ठेवावे आणि मग वास पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने पुन्हापुन्हा धुवावे. टाकीत क्षारांचे पांढरे पुट असेल तर ते लिंबूसत्त्वाने, म्हणजे सायट्रिक आम्लाने, निघते; पण हे काम वेगळ्या दिवशी, मधे टाकी नीट धुऊन करावे, कारण ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि गाडीसारख्या बंद जागेत तो जीवघेणा ठरू शकतो. पाण्याची पातळी दाखवणारे दिवे टाकी रिकामी असतानाही भरल्याचे दाखवत असतील, तर त्याचे कारणही बहुधा टाकीच्या भिंतीत बसवलेल्या धातूच्या खिळ्यांवरचे पुट हेच असते आणि ते पुसले की दिवे खरे बोलू लागतात.

जतनवादी : नळीचा मुद्दा मान्य. पण टाकीचे काय? तिच्या तोटीपाशी गळती दिसली की लोक नवी टाकी शोधू लागतात.

नवरचनावादी : टाकीला चीर गेली तर ती बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पॉलिइथिलीनला कोणताही डिंक किंवा इपॉक्सी धड चिकटत नाही. आज चिकटलेला दिसतो आणि गाडीच्या हादऱ्यांनी महिन्याभरात पापुद्र्यासारखा सुटतो. प्लॅस्टिक वितळवून जोड देणारे कारागीर आहेत, पण भिंत पातळ झाली असेल तर तोही जोड टिकत नाही.

जतनवादी : भिंतीला चीर असेल तर आपले म्हणणे खरे आहे. मात्र तोटीपाशी दिसणारी गळती बहुतेकदा चिरेची नसते. आतला वॉशर चपटा होऊन कडक झालेला असतो, आणि तो बदलल्यावर टाकी पूर्वीइतकीच घट्ट होते. चीर पडते ती पुष्कळदा त्यानंतर, गळती थांबावी म्हणून पान्याने जोर लावणाऱ्यांच्या हातून. प्लॅस्टिकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थरावर थर गुंडाळून त्या पिळल्या की बाहेरचा भाग पाचरीने फाटावा तसा फाटतो. वॉशरने बंद होणारा सांधा हाताने घट्ट करून वर पाव फेरा दिला की पुरतो. नळी तोटीवर चढत नसेल तर तिचे टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करावे; तेल लावू नये, कारण ते पाण्यात उतरते आणि नळी निसटण्यासही मदत करते.

थंडीविषयी दोन्ही पक्षांत मतभेद नाही. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, आणि नळाच्या पोटात किंवा पंपात अडकलेले चमचाभर पाणीही त्याचे कवच फोडण्यास पुरेसे असते. जर्मनीतील किंवा उत्तर अमेरिकेतील हिवाळ्यापूर्वी टाकी रिकामी करून नळ उघडा ठेवावा आणि नळीतील उरलेले पाणी फुंकून काढावे. ज्यांना गोठणरोधक द्रव घालायचाच आहे त्यांनी पिण्याच्या पाण्याच्या व्यवस्थेसाठी बनवलेला प्रॉपिलीन ग्लायकॉलचा द्रव घ्यावा. इंजिनाच्या रेडिएटरमधला एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने तो या व्यवस्थेत कधीही घालू नये.

नवरचनावादी : शेवटी आपण टाकी राखली, नळ राखला, आणि नळी, वॉशर, पंप व वायरी बदलल्या. एवढे बदलल्यावर त्याला जतन म्हणावे का?

जतनवादी : आपणही टाकी फेकण्याचा हट्ट सोडलात. ज्या भागाची तपासणी होऊ शकते तो तपासून ठेवला आणि ज्याची होऊ शकत नाही तो बदलला, एवढेच येथे घडले आहे.

काम पूर्ण झाल्यावर टाकी भरून प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवावा, नळ काही वेळ चालवावा आणि गाडी एक रात्र तशीच उभी करावी. सकाळी कागद कोरडा असेल तरच कपाटाच्या फळ्या परत बसवाव्यात. अशी जुनी गाडी ज्यांच्याकडे आहे आणि तिच्यातील नळी कधी बदलली याची नोंद ज्यांना सापडत नाही, त्यांनी पुढच्या प्रवासाआधी ती नळी बदलावी आणि बदलल्याची तारीख टाकीच्या झाकणावर लिहून ठेवावी.